फोल्डिंग चाकू जवळ बाळगायचा तर कायदा काय म्हणतो, हे शोधायला बसले तेव्हा

आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर दर पावसाळ्याआधी सामानाची यादी फिरते आणि त्यात "छोटा फोल्डिंग चाकू" ही ओळ वर्षानुवर्षं आहे. यंदा यादी टाकल्यावर नव्याने आलेल्या एका मुलीने विचारलं, ताई चाकू जवळ ठेवणं लीगल असतं का? झालं, उत्तरांचा पाऊस. कुणी म्हणे सहा इंचापर्यंत चालतो, कुणी नऊ इंच, एकजण म्हणाला तीन इंचाच्या वर असेल तर सरळ आत टाकतात, आणि एकाने तर सांगूनच टाकलं की मिटणारा असेल तर काहीच प्रॉब्लेम नाही, न मिटणारा असेल तरच गुन्हा. यादी मी करते, पोरं माझ्या भरवशावर सॅक भरतात, त्यांचे आईबाप मला ओळखतात म्हणून पाठवतात, त्यामुळे याचं नीट उत्तर माझ्याजवळ असायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटलं आणि मी शोधायला बसले. मी वकील नाही, जे वाचलं, ज्यांना भेटले, त्यातून जे कळलं ते लिहितेय.

आधी हत्यार कायदा, म्हणजे शस्त्र अधिनियम १९५९. इंडिया कोड नावाची सरकारी वेबसाइट आहे, तिथे केंद्राचे सगळे कायदे फुकट मिळतात, पीडीएफ उतरवून घ्या, कुणाच्या फॉरवर्डवर जाऊ नका. कलम २ मध्ये शस्त्र कशाला म्हणायचं ते दिलंय. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी हत्यार म्हणून बनवलेली, किंवा तशी करून घेतलेली कुठलीही वस्तू म्हणजे शस्त्र, त्यात बंदुका आल्या तशी धारदार हत्यारंही आली. आणि फक्त घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेल्या वस्तू त्यातून वगळल्यात, लाठी आणि चालायची साधी काठी अशी उदाहरणं तिथेच दिलीत. म्हणजे घरची विळी, भाजीची सुरी, शेतातला कोयता ही मुळात शस्त्रं नाहीतच, जोपर्यंत ती त्या कामाला आहेत तोपर्यंत.

इथे मी बराच वेळ थांबले कारण व्याख्येत हल्ला आणि बचाव दोन्ही शेजारी शेजारी आहेत. आपल्याकडे, विशेषतः मुलींना, सर्रास सल्ला दिला जातो की पर्समध्ये एक चाकू ठेव आणि कुणी विचारलं तर सांग सेल्फ डिफेन्ससाठी आहे, जणू ते वाक्य म्हटलं की आपण सुटलो. खरं तर उलट आहे. दोर कापायला घेतलेला चाकू हा अवजार आहे, आणि तोच चाकू "स्वसंरक्षणासाठी ठेवलाय" असं आपणच आपल्या तोंडाने सांगितलं की तो बचावाचं हत्यार आहे हे आपणच कबूल करून बसतो. चाकू तोच, पातं तेच, पण कशासाठी जवळ आहे याचं उत्तर बदललं की कायद्याची नजर बदलते. मला हे कळलं तेव्हा मी आमच्या ग्रुपमधल्या सगळ्या मुलींना वेगळा मेसेज केला, कारण त्यांच्यातल्या काहीजणी घरच्यांच्या सांगण्यावरून नेमकं हेच करत होत्या. शिवाय झटापटीत चाकू हातातून हिसकावला जायला वेळ लागत नाही. शिट्टी, ११२ नंबर आणि एकटं न जाणं, ह्या गोष्टी मी सांगते, चाकू नाही.

मग नऊ इंचाचं कुठून आलं? ते शस्त्र नियम २०१६ मधून, आणि त्याआधीच्या १९६२ च्या नियमांमध्येही तेच होतं. नियमांच्या पहिल्या अनुसूचीत शस्त्रांचे वर्ग केलेत, त्यातला पाचवा वर्ग बंदूक सोडून इतर शस्त्रांचा. तलवारी, गुप्ती, खंजीर, संगीन, भाले, परशू, चाकू, त्यात कृपाण आणि खुकरीही नाव घेऊन, आणि अशीच इतर हत्यारं ज्यांचं पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद आहे, पण घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली सोडून. हे वाचल्यावर लोक काय अर्थ काढतात की ९ इंचाच्या खाली सगळं माफ. तसं नाहीये. खंजिराचं नाव वेगळं आलंय, तो लहान आहे म्हणून आपोआप सुटेल असं धरून चालू नका, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ही यादी केंद्राच्या लायसन्सपुरती आहे, त्याच्या बाहेर राज्याचे आणि जिल्ह्याचे हुकूम असतात आणि तिथे इंचांचा उल्लेखसुद्धा नसतो. त्यावर खाली सविस्तर येते कारण आपल्याला खरा संबंध त्याच्याशीच येतो.

घरात होते तेवढे चाकू मी टेबलावर मांडले आणि टेप घेऊन मोजले. माझा लाल स्विस चाकू मिटलेला ९१ मिलिमीटरचा आहे, त्याचं मोठं पातं साधारण सात सेंटिमीटर. दुसरा ओपिनेल नावाच्या कंपनीचा, आठ नंबरचा, लाकडी मुठीचा, त्याचं पातं साडेआठ सेंटिमीटर. म्हणजे नऊ इंच, जे जवळजवळ २३ सेंटिमीटर होतात, त्याच्या आसपाससुद्धा कुठलाच येत नाही. गंमत म्हणजे स्वयंपाकघरातली कलिंगड कापायची सुरी दोघांपेक्षा कितीतरी मोठी निघाली. मोजताना पातं मोजायचं, मुठीपासून टोकापर्यंत, पूर्ण उघडलेला चाकू नाही, हे ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं आणि त्यामुळेच प्रत्येकजण वेगळा आकडा सांगत होता.

तीन इंचाचा आकडा दिल्लीचा आहे. हत्यार कायद्याच्या कलम ४ नुसार सरकार अधिसूचना काढून एखाद्या भागापुरतं बंदूक सोडून इतर शस्त्रांवरही बंधन घालू शकतं. दिल्लीसाठी १९८० मध्ये अशी अधिसूचना निघाली, त्यात खटक्याचे म्हणजे बटनाचे चाकू, स्प्रिंगचे, गरारीचे म्हणजे दातेरी चाकाचे आणि अशाच कुठल्यातरी यंत्रणेने उघडणारे मिटणारे चाकू आहेत, पातं ७.६२ सेंटिमीटर किंवा जास्त लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा जास्त रुंद असेल तर. ७.६२ म्हणजे बरोबर तीन इंच. इंटरनेटवर चाकू आणि कायदा असं शोधलं की बरीचशी माहिती या दिल्लीच्या केसेसची येते आणि लोक ती अख्ख्या देशाची समजून पुढे ढकलतात. त्यातही एक बारकावा आहे जो सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये स्पष्ट केला, की ती अधिसूचना बनवणं, विकणं, विक्रीसाठी किंवा चाचणीसाठी जवळ ठेवणं याबद्दल आहे, आणि बटनाचा चाकू नुसता सापडला, तो विकायला होता असं आरोपपत्रात कुठेच नाही, तर त्या अधिसूचनेखाली केस टिकत नाही. केस रद्द झाली. पण त्या माणसाला त्यासाठी दिल्लीतून थेट सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं, हे पण लक्षात घ्या. शेवटी निकाल आपल्या बाजूने लागणं आणि मुळात भानगडीतच न पडणं यात फार अंतर आहे.

गरारीचा चाकू म्हटलं की रामपूर आलंच. उत्तर प्रदेशातलं ते गाव चाकूसाठी इतकं प्रसिद्ध की हिंदी सिनेमात खलनायकाच्या हातात कायम रामपुरीच. आता तिथे २०२३ मध्ये एका चौकात वीस फुटी चाकूच उभा केलाय. कारागिरांची कला मोठी, त्याबद्दल मला आदर आहे, पण सॅकमध्ये घालून फिरायची ती वस्तू नाही.

आता महाराष्ट्र. इथे माझी एक वकील मैत्रीण कामी आली. ती म्हणाली, तू इंच मोजत बसलीयेस पण आपल्याकडे पोलीस स्टेशनला रोज जी कलमं लागतात ती बघ, पेपर उघड. खरंच, पुण्याच्या कुठल्याही पेपरात कोयता पकडल्याची बातमी वाचा, शेवटी लिहिलेलं असतं, भारतीय हत्यार कायदा कलम ४, २५ सह महाराष्ट्र पोलीस अधिनियम कलम ३७(१) सह १३५. या ३७(१) कडे माझं आजवर लक्षच गेलं नव्हतं.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चा आहे, पूर्वी त्याला मुंबई पोलीस अधिनियम म्हणायचे. कलम ३७(१) खाली शहरात पोलीस आयुक्त आणि जिल्ह्यात जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे कलेक्टर साहेब, शांतता राहावी म्हणून ठराविक काळासाठी मनाई आदेश काढू शकतात. आपल्याला जमावबंदी एवढंच माहीत असतं, पण जमावबंदी हे त्याच कलमाचं पुढचं पोटकलम, ३७(३), आणि शस्त्रबंदी ३७(१). दोन्ही बहुतेक वेळा एकाच कागदावर निघतात त्यामुळे बातमीत "जमावबंदी लागू" एवढंच येतं आणि वरचा निम्मा भाग कुणी वाचत नाही.

मी आमच्या जिल्ह्याचा असा एक आदेश जिल्ह्याच्या वेबसाइटवरून काढून अगदी शेवटपर्यंत वाचला. भाषा साधारण सगळीकडे सारखीच असते. शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, दंडे, बंदुका, सुरे, काठ्या किंवा शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी इतर कोणतीही वस्तू बरोबर नेणे. मग क्षारक म्हणजे ॲसिडसारखा पदार्थ, स्फोटक पदार्थ, मग दगड जमा करणे, मग प्रेतांचं किंवा प्रतिमांचं प्रदर्शन करणे, असं करत करत सरकारी कर्मचाऱ्यांना ड्युटीसाठी सूट, आणि ज्यांना शारीरिक दुर्बलतेमुळे काठी वापरावी लागते त्यांना सूट. ही शेवटची ओळ वाचून मला बरं वाटलं, की आजोबांची काठीसुद्धा कुणीतरी आठवणीने लिहून वगळलीये. पण त्यावरूनच लक्षात येतं की यादी किती पसरलेली आहे. काठीला सूट द्यावी लागते, म्हणजे चाकू तर त्यात आहेच, तीन इंचाचा असो की नऊ, मिटणारा असो की नाही. "इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू" यात माझा सात सेंटिमीटरवाला स्विस चाकू बसतो, बसत नाही असं मी पोलिसांशी वाद घालून सिद्ध करायला जाणार नाही. आणि आदेश मोडला तर कलम १३५ खाली एक वर्षापर्यंत कैद आहे.

हे आदेश निघतात कधी? गणपती, दहीहंडी, मोहरम, शिवजयंती, निवडणुका, एखादं आंदोलन पेटलेलं असेल तेव्हा, आणि बहुतेक वेळा पंधरा पंधरा दिवसांचे, संपला की पुढचा. आता आपले ट्रेक कधी असतात ते बघा. पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी आली की, गणपतीच्या मधल्या शनिवार रविवारी, दिवाळीत. म्हणजे ज्या दिवसांत आपण सॅक घेऊन एसटी स्टँडवर, लोकल स्टेशनवर उभे असतो तेच हे दिवस. म्हणून माझ्यासाठी या सगळ्यातली सगळ्यात उपयोगाची सवय हीच ठरली, की निघायच्या आधी ज्या जिल्ह्यात राहतो आणि ज्या जिल्ह्यात जाणार त्या दोन्हीकडचा आदेश बघायचा. पुण्याहून निघून रतनगडला गेलात तर अहिल्यानगर जिल्हा लागतो, तिथला हुकूम वेगळा. जिल्ह्याच्या वेबसाइटवर सूचना किंवा आदेश असा भाग असतो, नाहीतर जिल्हा माहिती कार्यालयाची प्रेस नोट लोकल पेपरात येतेच. याशिवाय जुनं १४४ कलम, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झालंय, त्याखालीही असे हुकूम निघू शकतात.

एवढं वाचून झाल्यावरही माझं समाधान होईना, कारण कागदावर बघितलं तर प्रत्येक भाजीवाल्यालाही भीती वाटावी. म्हणून मी आमच्या जवळच्या पोलीस चौकीत गेले. दुपारची वेळ, गर्दी नव्हती. एक वयस्कर हवालदार काका बसले होते, त्यांना सांगितलं की मी ट्रेकला मुलांना घेऊन जाते आणि असा असा प्रश्न आहे. चाकू बरोबर नेला नव्हता, फोनवर फोटो दाखवला. त्यांनी फोटो मोठा करून बघितला, म्हणाले, "हा तो बाटलीचं झाकण काढायचा वगैरे असतो तो ना?" मग जे बोलले ते मी घरी येऊन लिहून ठेवलं.

"हे बघा ताई, आम्ही आधी माणूस बघतो, वेळ बघतो, जागा बघतो. तुमच्या पिशवीत दोरी आहे, बॅटरी आहे, पातेलं आहे, कांदे बटाटे आहेत आणि त्यात तळाला हा आहे, तर मला कळतं ना तुम्ही कुठे निघालाय. हाच चाकू रात्री बारा वाजता चौकात कुणाच्या खिशात सापडला, चार पोरं जमलीयेत, वर दोन केसेस आहेत, तर मी त्याला गाडीत बसवणारच. आणि बंदोबस्ताच्या दिवसांत तर नकोच, कारण तेव्हा वरून ऑर्डर असते, तेव्हा मी तुमचं ऐकून घेतलं तरी पुढचा घेईलच असं नाही."

मी विचारलं, कमरेला पट्ट्यात लावला तर? ते म्हणाले, "कशाला? कांदा पट्ट्यात ठेवता का?" हे मला फार पटलं. दिसेल असा लटकवलेला चाकू समोरच्याला भीती घालतो, मग तो कितीही छोटा असो, आणि आपल्याला डोंगरावर पोचेपर्यंत त्याची गरजच नसते. तेव्हापासून आमच्याकडे नियम झालाय, चाकू मिटलेला, स्वयंपाकाच्या डब्यात, सॅकच्या आत, गडाच्या पायथ्यापर्यंत बाहेर काढायचा नाही. सगळ्यांकडे मिळून एकच, प्रत्येकाकडे वेगळा नाही.

ते काका हेही म्हणाले की कोयत्याच्या प्रकरणांमुळे आता सगळेच सावध झालेत. पुण्यात २०२३ च्या सुरुवातीला पोलिसांनी दुकानदारांना सांगितलं होतं की कोयता विकताना घेणाऱ्याचं आधार कार्ड बघा, नोंद ठेवा. शेतकऱ्याला त्रास, हे खरंय, पण ज्या घरातलं पोर कोयत्याने गेलं त्यांच्या बाजूने बघितलं तर मला ती कडकपणाची गरज कळते. चौकीतल्या माणसावर चिडण्यात अर्थ नाही, तो रोज हेच बघतो.

मैत्रिणीने कलम २५ पण समजावलं. कलम ४ ची अधिसूचना जिथे लागू आहे तिथे त्यातलं शस्त्र लायसन्सशिवाय बाळगलं तर कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि दंड. ती म्हणाली पोलीस व्हेरिफिकेशन, पासपोर्ट, नोकरी, सगळीकडे ते नाव मागे लागतं, त्यामुळे "बघू काय होतंय" अशी ही गोष्ट नाही. आमच्या ग्रुपमध्ये नांदेडचा एक शीख मित्र आहे, त्याच्या कृपाणाबद्दल कुणीतरी विचारलं, तर ते वेगळं, संविधानाच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणातच शिखांनी कृपाण धारण करणं हा त्यांच्या धर्मपालनाचा भाग मानलाय. त्याच्या कृपाणाला कुणी आमच्या चाकूच्या रांगेत बसवू नये.

नवा चाकू घ्यायला दुकानात गेले तेव्हा हे सगळं डोक्यात होतं. काउंटरवर दोन प्रकार होते. एक बटन दाबलं की खट्कन उघडणारा, काळा, पात्यावर कवटी कोरलेली, बॉक्सवर सेल्फ डिफेन्स लिहिलेलं. विकणारा मुलगा म्हणाला मॅडम हाच जास्त जातो, आणि तो तीन तीनदा उघडून दाखवत होता. मी तो हातातही घेतला नाही. कारण तो बॉक्सच सांगतोय की मी हत्यार म्हणून बनवलोय, उद्या कुणी विचारलं तर मी काय सांगणार, याने काकडी कापते? दोन्ही बाजूंनी धार असलेले, फुलपाखरासारखी मूठ उलगडणारे, अंगठीत बोटं घालायचे, हे सगळे त्याच माळेतले, घेऊच नका. दुसरा होता तो साधा, दोन्ही हातांनी नखाच्या खाचेत नख घालून उघडायचा, एकाच बाजूला धार. तो घेतला, बिल घेतलं, बिलाचा फोटो फोनमध्ये ठेवला.

लॉकबद्दल थोडं, कारण त्यावरून खूप गोंधळ आहे. ओपिनेलला मुठीच्या तोंडाशी एक स्टीलची कडी असते, पातं उघडलं की ती कडी बोटाने थोडी फिरवायची, मग पात्याच्या बुडाशी फट बंद होते आणि पातं मागे मिटू शकत नाही. ओल्या हाताने जाड दोर कापताना ह्या कडीचं मोल कळतं, नाहीतर पातं मिटून सरळ बोटांवर येतं. आपल्या हत्यार कायद्यात लॉक आहे की नाही याचा काही उल्लेख नाही. पण माझा मावसभाऊ इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो, त्याला मी हौसेने तसाच एक भेट देणार होते, तर तो म्हणाला, ताई नको, इथे हा रस्त्यावर नेता येत नाही. तिथे १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टमध्ये तीन इंचांपर्यंतच्या मिटणाऱ्या खिशातल्या चाकूला सूट आहे, पण तिथल्या कोर्टांनी ठरवलंय की पातं लॉक होत असेल तर तो मिटणारा चाकू धरायचाच नाही, मग तो बाळगायला सबळ कारण दाखवावं लागतं, काम, धर्म, असं काही, आणि शिक्षा चार वर्षांपर्यंत जाऊ शकते. खटक्याचे चाकू तर तिथे १९५९ पासूनच विकायला बंदी. आणि स्वतःच्या बचावासाठी हे कारण तिथेही चालत नाही. म्हणजे जो लॉक इथे माझी बोटं वाचवतो त्याच्यामुळेच भाऊ तिकडे अडचणीत आला असता. परदेशात जाणाऱ्यांनी, तिथून कुणासाठी काही आणणाऱ्यांनी हे आधी बघून घ्या.

विमानाचं सगळ्यांना माहीत असतं तरी सांगते, केबिन बॅगेत अगदी छोटासुद्धा नाही, चेक-इन बॅगेतच. उत्तराखंडच्या ट्रेकला जाताना सिक्युरिटीच्या टेबलाशेजारच्या ट्रेमध्ये लोकांचे सुंदर सुंदर चाकू पडलेले बघितलेत, वाईट वाटतं.

आणि आता ती गोष्ट जी मला सगळ्यात उशिरा कळली आणि जी सह्याद्रीत फिरणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवी असं मला वाटतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२. त्याच्या कलम ३१ मध्ये स्पष्ट आहे की मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात कुणीही शस्त्र घेऊन शिरायचं नाही, आणि राष्ट्रीय उद्यानालाही हेच लागू. आणि या कायद्यात शस्त्र कशाला म्हणायचं त्याची व्याख्या वेगळी आहे, त्यात धनुष्यबाण, स्फोटकं, बंदुका, गळ, जाळी, विष, सापळे यांच्याबरोबर चाकू असा थेट उल्लेख आहे. इंच नाहीत, घरगुती कामाची सूट नाही, मिटणारा न मिटणारा नाही. नुसतं चाकू.

आता आपले गड आठवा. हरिश्चंद्रगड, कळसूबाई, रतनगड हे कळसूबाई हरिश्चंद्रगड अभयारण्यात. भीमाशंकर अभयारण्य. वासोटा कोयना अभयारण्यात, तिथे तर बामणोलीहून बोटीने जायचं आणि वनखात्याची परवानगी काढायची. चांदोली, राधानगरी, कर्नाळा, फणसाड. आपण निम्मे ट्रेक अभयारण्यातच करतो आणि त्याचं भान नसतं, कारण पायथ्याला बोर्ड असतो तो आपण फोटो काढण्यापुरता बघतो. हा कायदा शिकार थांबवण्यासाठी आहे आणि तो तसाच कडक असायला हवा असं मला ठामपणे वाटतं, शेकरू आणि भेकर ज्या जंगलात आहेत तिथे कोण शिकारी आणि कोण ट्रेकर हे वनरक्षकाने प्रत्येकाचं तोंड बघून का ठरवावं.

पाचनई गावाच्या बाजूने हरिश्चंद्रगडावर जाताना एका वनरक्षक दादांना मी हे विचारलं. ते म्हणाले, "बहुतेक लोकांच्या पिशव्या आम्ही प्लास्टिक आणि दारूसाठी बघतो, पण सुरी मिळाली तर ठेवून घेतो, उतरताना परत न्या म्हणतो. मोठं काही असलं तर मग पुढचं बघावं लागतं. पण तुम्हाला वर सुरी लागतेच कशाला ताई? वर मावशी पिठलं भाकरी देतात, कांदाही त्याच फोडून देतात." आणि खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर आहे. गडावर जेवण गावातल्या लोकांकडे घेतलं तर चार पैसे त्यांना मिळतात आणि चाकूचा प्रश्नच उरत नाही.

त्यामुळे यंदाची यादी बदलली. अभयारण्यातल्या ट्रेकला चाकू नाही, भाजी घरून चिरून डब्यात, दोर लागेल त्या मापाचे आधीच कापून टोकं जाळून घेतलेले, चिकटपट्टी हाताने फाटणारी कापडी. बाकीच्या गडांना, मनाई आदेश नसेल तर, सगळ्यांत मिळून एक साधा फोल्डिंग चाकू, लीडरच्या सॅकमध्ये, भांड्यांबरोबर. आणि यादीत त्या ओळीसमोर आता आदेश कुठे बघायचा तेही लिहिलंय.

दिवाळीनंतर गोव्यात मोलेमला जायचं ठरतंय, दूधसागरच्या बाजूला. तिथे महाराष्ट्र पोलीस अधिनियम लागत नाही, पण नागरिक सुरक्षा संहितेचं ते १६३ कलम तिथेही आहे, आणि मोलेम म्हणजे भगवान महावीर अभयारण्य, म्हणजे कलम ३१ आलंच. तर त्या ट्रेकला चाकू घरीच राहील, एवढं आत्ताच सगळ्यांना कळवून टाकलंय, बाकी सामानाची यादी तारीख पक्की झाली की देते.